गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बदलल्यावर डिस्प्ले येत नसेल, तर तपासणी कोठून सुरू करावी

परभणीच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्याकडे डेल कंपनीचा २०१३ सालचा एलियनवेअर १७ हा लॅपटॉप आहे. त्यात कोअर आय-७ ४७००एमक्यू हा प्रोसेसर, १८० वॉटचा अडॅप्टर आणि मूळचे जीटीएक्स ७६५एम हे ग्राफिक्स कार्ड होते. ते काढून त्याने जीटीएक्स ९७०एम हे वापरलेले कार्ड मागवून बसवले. आता लॅपटॉप सुरू केला की कीबोर्डचे दिवे लागतात, पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही, आणि कधीकधी आठ बीप ऐकू येतात. एकदा एचडीएमआय केबलने टीव्ही जोडल्यावर विंडोज दिसले, तेव्हा एनव्हिडिया या कार्डाच्या कंपनीच्या ड्रायव्हरने, म्हणजे विंडोजला कार्ड वापरू देणाऱ्या प्रोग्रॅमने, सुसंगत हार्डवेअर सापडत नसल्याचा संदेश दिला. मित्राने कोठून तरी मिळवलेला बदललेला ड्रायव्हर टाकून दिला, खेळ सुरू झाला, पण दहा-बारा मिनिटांत लॅपटॉप एकदम बंद पडला. एका दुकानदाराने कार्ड गेले असे सांगितले, दुसऱ्याने स्क्रीन गेली असे सांगितले. जुने कार्ड अजून चालते. अशा वेळी दुसरे कार्ड मागवावे का, असे त्याने विचारले आहे.

दुसरे कार्ड आत्ता मागवू नका. तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत, आणि त्या एकाच यंत्रात एकापाठोपाठ दिसल्यामुळे सर्वांना त्या एकाच बिघाडाची लक्षणे वाटल्या आहेत. डिस्प्ले न येणे हा बायोसचा, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, प्रश्न आहे, ड्रायव्हर न बसणे हा कार्डाच्या ओळखीचा प्रश्न आहे आणि खेळताना बंद पडणे हा विजेचा किंवा उष्णतेचा प्रश्न आहे. कार्ड खरोखर मेलेले असते तर टीव्हीवर विंडोज दिसले नसते आणि खेळ दहा मिनिटेही चालला नसता. मी गेली अठरा वर्षे छत्रपती संभाजीनगरात लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो आहे, आणि परत पाठवली गेलेली चांगली कार्डे मी इतकी पाहिली आहेत, की लॅपटॉप कोणत्या टप्प्यावर थांबतो हे नक्की होईपर्यंत कार्डाला दोष देण्याची घाई मी करत नाही.

आधी एक खुलासा करतो, कारण हे उत्तर वाचून दुसरा कोणी आपला लॅपटॉप उघडू नये. कार्ड बदलण्याची सोय सगळ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये नसते. तुमच्या यंत्रात एमएक्सएम नावाच्या मानकाचे, वेगळे काढता येणारे कार्ड आहे. हे मानक एनव्हिडियाने २००४ साली पुढे आणले. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीतील मोठे कार्ड, म्हणजे ‘बी’ प्रकार, ८२ बाय १०५ मिलिमीटरचे असते आणि ‘ए’ प्रकार ८२ बाय ७० मिलिमीटरचा असतो. क्लेव्हो कंपनीच्या, एमएसआयच्या जीटी मालिकेतील आणि डेल व एचपीच्या मोठ्या वर्कस्टेशन लॅपटॉपमधील त्या काळातील अनेक कार्डे या प्रकारची होती. एलियनवेअर १५ आणि १७ मध्ये मात्र २०१५ पासून ग्राफिक्स चिप मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सर्व गेमिंग लॅपटॉपचे तेच आहे. अशा यंत्रात ‘कार्ड बदलून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर तो एक तर संपूर्ण बोर्ड बदलण्याविषयी बोलत असतो, किंवा चिप उखडून दुसरी बसवण्याविषयी, आणि हे दुसरे काम मी कोणालाही सुचवणार नाही.

आता पहिली अडचण. डेलच्या लॅपटॉपमध्ये सलग आठ बीप म्हणजे बायोसला स्क्रीन सापडली नाही, असा संकेत असतो. दुसऱ्या दुकानदाराने त्यावरून स्क्रीन गेली असा अर्थ काढला, आणि मूळ यंत्रात तो बरोबरही ठरला असता. परंतु कार्ड बदललेल्या यंत्रात तोच संकेत वेगळ्या कारणाने मिळतो. लॅपटॉप सुरू होताना बायोस ग्राफिक्स कार्डावरील एका छोट्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम चालवतो, त्याला व्हीबायोस म्हणतात. हा प्रोग्रॅम चालवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या लेगसी पद्धतीत बायोस एक प्रकारचा भाग वाचतो, आणि नव्या यूईएफआय पद्धतीत दुसरा. ९७०एम हे कार्ड ऑक्टोबर २०१४ मध्ये आले, तुमचे यंत्र त्याच्या आधीचे, म्हणून तुमच्या बायोसला हे कार्ड कधी दाखवलेलेच नाही. अशा जोडीत लेगसी पद्धतीने सुरुवात केली की बायोस स्क्रीनचा शोध घेता घेता अडकतो, हा या पिढीच्या एलियनवेअरमध्ये मॅक्सवेल वर्गाची, म्हणजे ९७०एमच्या पिढीची, कार्डे बसवणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. शुद्ध यूईएफआय पद्धतीत, लेगसी ऑप्शन रॉम (जुन्या पद्धतीचा भाग वाचण्याची सोय) बंद ठेवून सुरुवात केली तर तेच कार्ड त्याच यंत्रात सरळ चालते.

तुमची विंडोज कोणत्या पद्धतीने टाकलेली आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, पण हा लॅपटॉप मूळचा २०१३ सालचा आहे आणि आपल्याकडे जुन्या यंत्रात विंडोज टाकताना बहुतेक दुकानांत लेगसीच निवडले जाते, हे लक्षात घेता तपासणीची सुरुवात मी येथून करीन. त्यासाठी जुने कार्ड परत बसवा. हे वाचून तुम्हाला मागे गेल्यासारखे वाटेल, पण ज्या कार्डावर स्क्रीन दिसते त्याच कार्डावर बायोसची मांडणी करता येते, अंधारात करता येत नाही.

जुन्या कार्डावर लॅपटॉप सुरू झाला की विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘बायोस मोड’ या ओळीसमोर काय लिहिले आहे ते पाहा. तेथे लेगसी असेल तर प्रथम महत्त्वाच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घ्या. नंतर विंडोज १० मध्ये २०१७ पासून असलेल्या ‘एमबीआर टू जीपीटी’ या कमांडने त्याच डिस्कची मांडणी यूईएफआयला चालेल अशी बदलता येते. आधी ती ‘व्हॅलिडेट’ पर्यायाने चालवा, म्हणजे ती काहीही न बदलता फक्त तपासणी करते. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशन असतील, किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल, तर ती नकार देते. आपल्याकडे डिस्कचे सी, डी, ई, एफ असे भाग पाडण्याची सवय फार आहे, त्यामुळे हा नकार तुम्हाला मिळण्याची शक्यता मी गृहीत धरतो. तसे झाले तर सरळ यूईएफआय पद्धतीने विंडोज नव्याने टाकणे बरे. डिस्क कुलूपबंद ठेवणारा बिटलॉकर सुरू असेल तर तो आधी थांबवा. डिस्कची मांडणी बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन बूट मोड यूईएफआय करा, लेगसी ऑप्शन रॉम बंद करा, आणि जुन्याच कार्डावर दोन-तीन वेळा लॅपटॉप सुरू करून विंडोज व्यवस्थित येते याची खात्री करा. ही खात्री झाल्याशिवाय कार्डाला हात लावू नका.

येथे एक लहान वस्तू आहे, जिच्यामुळे माझ्या हातून एका गिऱ्हाईकाचे नुकसान झाले होते, म्हणून ती मुद्दाम सांगतो. मुख्य बोर्डावर सीआर २०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी असते, बायोसची मांडणी तिच्यावर टिकते. दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये ती संपत आलेली असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका यंत्रात मी मांडणी बदलली, कार्ड बसवताना मुख्य बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही काढले, आणि तेवढ्या वेळात बायोस आपोआप मूळ मांडणीवर, म्हणजे लेगसीवर, परत गेला. डिस्प्ले आला नाही, मी कार्ड खराब असल्याचे सांगितले आणि त्या गृहस्थांनी दुसरे कार्ड मागवले. तेही चालले नाही तेव्हा माझ्या लक्षात चूक आली. दुसऱ्या कार्डाचे पैसे मी त्यांना दिले. तेव्हापासून या कामाच्या आधी मी ती बॅटरी न तपासता सरळ बदलतो. ती किरकोळ किमतीत मिळते. तुम्हीही बदला, आणि बदलल्यावर बायोसची मांडणी पुन्हा करून, जुन्या कार्डावर एकदा अडॅप्टर व बॅटरी दहा मिनिटे काढून ठेवून, ती मांडणी टिकते का ते पाहा.

मगच नवे कार्ड बसवा. अडॅप्टर व बॅटरी काढल्यावर पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेला विद्युतभार निघून जातो. आपल्याकडे डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत हवा इतकी कोरडी असते, की प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठताना केसांना चुरचुर जाणवते. तीच स्थिर वीज कार्डाला मारक ठरते आणि ती गेल्याचे आपल्याला कळतही नाही. मनगटाला अर्थिंगची पट्टी नसेल तर निदान सुती कपडे घाला, चटई किंवा सतरंजीऐवजी लाकडी टेबलावर काम करा, आणि कार्ड कडांनी धरा. कार्डाच्या सोनेरी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबराने पिना घासण्याची पद्धत अनेक दुकानांत आहे, मला ती मान्य नाही, कारण वापरलेल्या कार्डावर सोन्याचा मुलामा आधीच पातळ झालेला असतो. कार्ड सॉकेटमध्ये तिरके सरकवावे आणि पूर्ण आत गेल्यावर खाली दाबून स्क्रू लावावेत. दोन्ही टोकांना पिनांची सारखीच पातळ रेघ बाहेर दिसली पाहिजे. एका टोकाला ती जाड दिसत असेल तर कार्ड वाकडे बसले आहे.

पहिल्यांदा सुरू करताना लॅपटॉप स्वतःहून एक-दोनदा बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो, त्याला तीन-चार मिनिटे द्या. एवढे करूनही अंधार राहिला तर कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आतून चालू आहे आणि फक्त चित्र योग्य जागी पोहोचत नाही. दिवा प्रतिसाद देत नसेल तर बायोस मध्येच अडकला आहे. या दुसऱ्या स्थितीत कार्डावरील व्हीबायोसमध्ये यूईएफआयचा भाग आहे की नाही हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर, कार्ड एखाद्या यंत्रात टीव्हीवर का होईना चालत असेल तर, जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये यूईएफआयच्या चौकोनात खूण आहे का, यावरून मिळते. खूण नसेल तर व्हीबायोस बदलावा लागेल. ते काम मी शेवटी ठेवतो. कार्डावरील मेमरी चिप ज्या कंपनीच्या, त्यांच्याशी जुळणाराच व्हीबायोस लागतो, मूळ व्हीबायोसची प्रत आधी काढून ठेवावी लागते, आणि काम मध्येच बिघडले तर बाहेरच्या प्रोग्रॅमरने चिप लिहिता येईल अशी तयारी हाताशी लागते. ही तयारी नसताना केवळ एखादी फाइल मिळाली म्हणून ती लिहू नका.

टीव्हीविषयी एक सूचना. गावाकडच्या घरांत आणि भाड्याच्या खोल्यांत अनेकदा अर्थिंग नसते, लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात. अशा घरात चालू लॅपटॉप आणि चालू टीव्ही यांमध्ये एचडीएमआय केबल खोचली, तर दोहोंच्या विद्युतदाबातील फरक त्या केबलमधून वाहतो आणि एचडीएमआयचा भाग जळू शकतो. दोन्ही यंत्रे बंद ठेवून केबल लावा, मग सुरू करा.

दुसरी अडचण, म्हणजे ड्रायव्हर, त्यामानाने सोपी आहे. लॅपटॉपमधील प्रत्येक ग्राफिक्स कार्डाची ओळख दोन भागांत असते. पहिला भाग चिपचा, तुमच्या बाबतीत एनव्हिडियाचा १०डीई आणि ९७०एमचा १३डी८. दुसरा भाग यंत्राचा, ज्यात शेवटी १०२८ म्हणजे डेल. हा दुसरा भाग बहुधा लॅपटॉपचा बायोसच कार्डाला देतो. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये कोणत्या यंत्रात कोणती चिप अपेक्षित आहे याची यादी असते. तुमच्या लॅपटॉपमध्ये ही चिप डेलने कधी दिलीच नाही, त्यामुळे ही जोडी यादीत नाही, आणि ड्रायव्हर सुसंगत हार्डवेअर सापडले नाही असे म्हणतो. कार्डात दोष असल्याचा हा पुरावा नव्हे.

त्यावरचा मार्ग असा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या तपशिलांत जाऊन हार्डवेअर आयडीची पूर्ण ओळ लिहून घ्या. एनव्हिडियाच्या अधिकृत ड्रायव्हरची फाइल उघडल्यावर जो फोल्डर तयार होतो, त्यात डिस्प्ले ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये ‘आयएनएफ’ विस्ताराच्या अनेक फायली असतात. डेलच्या यंत्रांची यादी ज्या फायलीत आहे, तिचे नाव एनव्हीडीएमआय असे असते. त्यात १३डी८ शोधा, सापडलेली एक ओळ त्याच भागात नक्कल करा आणि नकलेत आपल्या यंत्राचा क्रमांक घाला. फायलीच्या शेवटी नावांची यादी असते, तेथेही त्याच क्रमांकाची ओळ वाढवा. फाइल बदलल्यामुळे तिची डिजिटल सही जुळत नाही, म्हणून बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून, शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये सातवा पर्याय निवडून त्या एका वेळेपुरती सहीची तपासणी थांबवावी आणि ड्रायव्हर टाकावा. पुढच्या रीस्टार्टनंतर तपासणी आपोआप पूर्ववत होते आणि ड्रायव्हर चालू राहतो. तपासणी कायमची बंद ठेवणारी ‘टेस्ट मोड’ची युक्ती वापरू नका, त्या स्थितीत अनेक ऑनलाइन खेळांची अँटी-चीट (खेळातील फसवणूक रोखणारी) यंत्रणा खेळ सुरूच होऊ देत नाही.

मित्राने टाकून दिलेला बदललेला ड्रायव्हर मात्र काढून टाका, असे मी आग्रहाने सांगेन. ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या थरात चालतो. तेथे अनोळखी माणसाने बदललेली फाइल ठेवणे म्हणजे घराच्या किल्ल्या त्याच्या हाती देणे आहे. सेफ मोडमध्ये डीडीयू हा प्रोग्रॅम चालवून तो ड्रायव्हर मुळापासून काढा आणि वर सांगितल्याप्रमाणे स्वतःच्या हाताने दोन ओळी वाढवा. हे तासाभराचे काम आहे. काम झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ५२ दिसला तर सहीची तपासणी थांबवायची राहिली आहे. कोड ४३ दिसला तर जीपीयू-झेडमध्ये कार्ड बोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या १६ मार्गिकांवर जोडलेले आहे का ते पाहा. तेथे ८ किंवा १ दिसत असेल तर कार्ड नीट बसलेले नाही, पुन्हा बसवा.

आता तिसरी अडचण. माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष हिच्याकडेच द्यायला हवे, कारण पहिल्या दोन अडचणींत यंत्राचे काही बिघडत नाही, हिच्यात मात्र बिघडू शकते. तुम्ही लिहिले आहे की लॅपटॉप ‘एकदम’ बंद पडला. तो आधी मंद झाला होता का? चिप तापली की ती प्रथम स्वतःचा वेग कमी करते, खेळ अडखळू लागतो आणि त्यानंतरही तापमान वाढले तर यंत्र बंद होते. कसलीही पूर्वसूचना न देता, दिवा विझल्यासारखा लॅपटॉप बंद झाला, तर माझा पहिला संशय विजेच्या पुरवठ्यावर जातो.

हिशेब करून पाहू. ४७००एमक्यू हा प्रोसेसर ४७ वॉटचा आहे. ९७०एम साधारण ८० वॉटच्या आसपास वीज घेते, मूळचे ७६५एम त्याहून कमी घेत होते. त्यात स्क्रीन, पंखे, डिस्क आणि बोर्डावरील रूपांतरणातला तोटा धरला, की बेरीज दीडशेच्या पुढे जाते आणि टर्बोच्या, म्हणजे प्रोसेसर क्षणभर वेग वाढवतो त्या, क्षणी १८० च्या सीमेला भिडते. चांगल्या बॅटरीच्या लॅपटॉपमध्ये असा क्षणिक वाढीव भार बॅटरी उचलते. दहा वर्षांच्या थकलेल्या बॅटरीला तो पेलत नाही, विद्युतदाब खाली येतो आणि यंत्र बंद होते. म्हणून २४० वॉटचा, त्याच पिनेचा, अस्सल अडॅप्टर घ्या. डेलच्या अडॅप्टरच्या मधल्या बारीक पिनेतून लॅपटॉपला अडॅप्टरची ओळख कळते. बाजारातील काही स्वस्त अडॅप्टर ही ओळख देत नाहीत, आणि मग लॅपटॉप प्रोसेसरचा वेग पाडतो व बॅटरी चार्ज करत नाही. बायोसमध्ये अडॅप्टर किती वॉटचा ओळखला गेला ते दिसते, तेथे खात्री करून घ्या. बॅटरी फुगलेली दिसत असेल तर ती ताबडतोब काढा, तिला टोचू नका आणि कचऱ्यात टाकू नका.

खर्च करण्याआधी मात्र खात्री करता येते. एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी सर्व तापमाने एका फायलीत लिहून ठेवतो. ते लिखाण सुरू करून खेळ चालवा, लॅपटॉप बंद पडू द्या, आणि पुन्हा सुरू केल्यावर त्या फायलीची शेवटची ओळ वाचा. शेवटच्या ओळीत ग्राफिक्स चिपचे तापमान ६५-७० अंश असेल तर उष्णतेचा दोष नाही, वीज पाहा. ते ९० च्या वर असेल तर हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग, पाहा. नंतर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून खेळाचा वेग सेकंदाला ३० चित्रांवर बांधून तोच खेळ पुन्हा चालवा. आता तासभर चालला तर कार्ड चांगले आहे आणि त्याला लागणारी वीज किंवा थंडावा अपुरा आहे, हे सिद्ध होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल, तिच्यावरून कोणी तुम्हाला बोर्ड गेल्याचे सांगितले तर विश्वास ठेवू नका. ती नोंद यंत्र अचानक बंद झाले एवढेच सांगते, कशामुळे ते सांगत नाही.

हीटसिंकचा विषय एमएक्सएम कार्डात फसवा असतो. ७६५एममधील चिप २२१ चौरस मिलिमीटरची आहे, ९७०एममधील जीएम२०४ ही ३९८ चौरस मिलिमीटरची, म्हणजे पावणेदोनपटीहून थोडी मोठी. हीटसिंकचा तांब्याचा ठोकळा संपूर्ण चिपवर टेकतो का, हे डोळ्यांनी पाहून समजत नाही. चिपवर थर्मल पेस्टचा पातळ थर द्या, हीटसिंक चारही स्क्रूंनी तिरप्या क्रमाने आवळा, लगेच परत काढा आणि पेस्टचा ठसा पाहा. ठसा सर्वत्र सारखा आणि पातळ उमटला असेल तर चिपचा प्रश्न नाही. एका कोपऱ्यात पेस्ट जशीच्या तशी जाड राहिली असेल, तर तेथे हीटसिंक टेकलेलाच नाही, आणि त्याचे कारण बहुधा थर्मल पॅडची जाडी असते. मेमरी चिप आणि वीजनियंत्रणाचे भाग यांवर रबरासारखे पॅड असतात. नव्या कार्डावर या भागांची जागा आणि उंची वेगळी असते. जुने दीड मिलिमीटरचे पॅड तसेच ठेवले तर ते हीटसिंक वर उचलून धरतात, आणि अर्ध्या मिलिमीटरचे लावले तर वीजनियंत्रणाचे भाग उघडे राहतात. ही दुसरी चूक अधिक वाईट, कारण त्या भागांचे तापमान बहुतेक लॅपटॉप कार्डांत कोणत्याच प्रोग्रॅममध्ये दिसत नाही. चिप ७० अंशांवर आहे म्हणून आपण निश्चिंत असतो आणि शेजारचा मॉस्फेट, म्हणजे वीजनियंत्रणाचाच एक भाग, जळत असतो. पॅडवर ठसा उमटला आहे का, हे प्रत्येक पॅड उचलून पाहा. अर्धा, एक आणि दीड मिलिमीटर अशा तिन्ही जाडीचे पॅड हाताशी ठेवूनच हे काम करावे.

परभणीत राहता म्हणून आणखी एक सांगतो. पंखा आणि हीटसिंकची जाळी यांच्या मधल्या फटीत धूळ साचते हे सर्वांना माहीत आहे, पण आपल्या भागात, विशेषतः जिनिंगच्या आसपास किंवा कापूस साठवलेल्या घरांत, तेथे कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून ब्लोअर मारला की तो निघत नाही, उलट जाळीत आणखी घट्ट बसतो. पंख्याचे स्क्रू काढून, तो थर चिमट्याने अख्खा उचलावा लागतो. जालना, परभणी, सेलू या पट्ट्यातून आलेल्या लॅपटॉपमध्ये मी आधी हेच पाहतो. उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवण्याची सवयही घातक आहे. कूलरच्या हवेबरोबर बोअरच्या जड पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात आणि जाळीवर व बोर्डावर पांढरा क्षार धरतो. लॅपटॉप कूलरच्या खोलीत असावा, झोतात नसावा.

तापमानाची चाचणी कोणत्या महिन्यात घेतली हेही महत्त्वाचे. पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना खोलीचे तापमान जितके वाढते, जवळजवळ तितकेच चिपचे वाढते. जानेवारीत वीस अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर राहणारे कार्ड मे महिन्यात, खोलीत ४० अंश असताना, ९५ वर जाईल. म्हणून हिवाळ्यात चाचणी घेणार असाल तर ७० च्या आत राहील अशीच व्यवस्था करा, आणि तसे जमत नसेल तर एमएसआय आफ्टरबर्नर किंवा तत्सम प्रोग्रॅमने चिपचा कमाल वेग थोडा कमी करून ठेवा. दहा टक्के वेग कमी केला तर खेळात फरक जाणवत नाही, उष्णतेत मात्र जाणवतो.

एवढे कष्ट घेण्यासारखे हे कार्ड आहे का, असे तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ७६५एम हे केप्लर वर्गातील कार्ड आहे, त्याचे नियमित ड्रायव्हर लॅपटॉपसाठी २०१९ मध्येच थांबले, आणि ते खेळांना लागणाऱ्या डायरेक्टएक्स १२ ची फक्त ११_० ही पायरी गाठते, त्यामुळे अनेक नवे खेळ त्याच्यावर सुरूच होत नाहीत. ९७०एम १२_१ पर्यंत जाते. हा फरक खरा आहे. परंतु मॅक्सवेल वर्गासाठीही एनव्हिडियाने खेळांचे शेवटचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये दिले, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेचे मिळतील. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तुमच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून हातात असलेले कार्ड चालते करण्यासाठी अडॅप्टर, पॅड आणि पेस्ट एवढा खर्च करणे मला योग्य वाटते, त्याहून महाग दुसरे कार्ड घेणे योग्य वाटत नाही.

वर सांगितलेले सर्व करून, यूईएफआयची मांडणी टिकते याची खात्री असूनही कार्डावर आठ बीप येत राहिले, किंवा टीव्हीवर चौकटी आणि रंगीत रेषा दिसू लागल्या, तर मात्र कार्डावर संशय घेण्यास जागा आहे. त्या वेळी चिप गरम करून देणाऱ्या दुकानात ते देऊ नका. हॉट एअर मारल्यावर चिप काही आठवडे चालते, तोवर विक्रेत्याची परत घेण्याची मुदत संपते. जुन्या कार्डावर लॅपटॉप नीट सुरू होतो आणि नव्यावर होत नाही, असा सलग एकच व्हिडिओ काढा, त्यात कार्डावरील स्टिकरचा क्रमांक स्पष्ट दिसू द्या, आणि तो विक्रेत्याला पाठवून कार्ड मुदतीत परत करा. पाठवताना कार्ड अँटी-स्टॅटिक पिशवीतच घाला, नुसत्या बबल रॅपमध्ये गुंडाळू नका. त्या पिशवीची सोय नसेल तर जुन्या मदरबोर्डाबरोबर किंवा रॅमबरोबर आलेली चंदेरी पिशवी कोणत्याही संगणकाच्या दुकानात मागितली तर मिळते.